साठ की आठ

कंट्रोल रूममध्ये तिला सगळे ‘परीक्षाबाई’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते नाव तिला आवडायचंही. अडचणीत सापडलेल्या माणसाचा फोन उचलायचा, पत्ता काढून घ्यायचा, अँब्युलन्स किंवा आगीचा बंब धाडायचा आणि तो पोचेपर्यंत त्या माणसाला धरून ठेवायचं, हे काम करणारी बत्तीस माणसं तिथे होती. त्या बत्तीस जणांची सर्टिफिकेटं वेळच्या वेळी रिन्यू होतात की नाही, हे बघणं तिच्याकडे होतं. सर्टिफिकेट दोन वर्षांचं. तेवढ्यात चोवीस तासांचे वर्ग, पुतळ्याच्या छातीवर दाब देण्याचं प्रात्यक्षिक, पन्नास प्रश्नांचा पेपर आणि तीन कॉलच्या रेकॉर्डिंगची तपासणी. यातलं एक जरी राहिलं, तरी मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या माणसाला हेडफोन मिळत नसे. एका दिवसाचीही सूट नाही. त्यामुळे तीन महिने आधीपासूनच ती एकेकाच्या हात धुऊन मागे लागायची. ती कॅन्टीनमध्ये शिरली की दोघं-तिघं तरी अर्धा चहा टाकून पसार होत.

एकाच माणसाच्या मागे तिला कधी लागावं लागलं नव्हतं. तिच्या नणंदेच्या.

वन्सं सव्वीस वर्षं त्या खोलीत होत्या. तिथे त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणत. परीक्षाबाईच्या नवऱ्याची ही थोरली बहीण. आई गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि मग स्वतः त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायला गेल्या. “नणंद-भावजयीनं एका छपराखाली राहावं, एका ओट्याशी राहू नये,” असं त्या म्हणायच्या. परीक्षाबाईला या नोकरीत त्यांनीच आणलं. दोन वर्षांत तिला ती खुर्ची झेपेनाशी झाली, तेव्हा साहेबांकडे जाऊन “कागदाला हिचा हात चांगला आहे, माणूस वाया घालवू नका,” असं सांगून ट्रेनिंगच्या टेबलावरही त्यांनीच बसवलं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. उपकार म्हटला तर हा असा, डोंगराएवढा. त्यांनी तो कधी बोलून दाखवला नव्हता, त्यामुळे तो आणखीच जड.

त्या वर्षी नियमांत एक नवी ओळ आली. रिन्यू करताना दोन्ही कानांची तपासणी हवी, ठरलेल्या दवाखान्यातून, आलेखासकट. लोकांनी कुरकुर केली, विनोद केले (“साहेबांचं ऐकू येत नाही, तेवढं लिहून मिळेल का?”) आणि जाऊन कान दाखवून आले. वन्संच्या फायलीत वर्ग होते, प्रात्यक्षिक होतं, पेपरात पन्नासपैकी पन्नास होते. कानाचा कागद नव्हता.

“वन्सं, कानाचं तेवढं राहिलंय.”

“देते गं. माझे कान काय पळून चाललेत?”

महिना उरला. वन्सं म्हणाल्या, डॉक्टर सुट्टीवर आहेत. पंधरा दिवस उरले. वन्सं म्हणाल्या, “अगं, विसरलेच बघ.” इथे परीक्षाबाई पहिल्यांदा चमकली. ज्या बाईला चौदा वर्षांपूर्वीच्या आगीत कोणत्या गल्लीतून बंब आत जाईना ते पाठ होतं, ती विसरली?

दहा दिवस उरले तेव्हा वन्संनी एक घडी घातलेला कागद तिच्या टेबलावर ठेवला आणि न थांबता निघून गेल्या. घराजवळच्या, तापखोकल्याला औषध देणाऱ्या डॉक्टरांनी आपल्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या होत्या. यांना व्यवस्थित ऐकू येतं, मी यांना वीस वर्षं ओळखतो. आलेख नव्हता, तपासणी नव्हती. परीक्षाबाईनं तो कागद खणात ठेवला. फायलीला लावला नाही.

कॉलची तपासणी राहिलीच होती. नियमाप्रमाणे तीन रेकॉर्डिंग कोणतीही उचलायची आणि ऐकायची. दुपारी दार लावून ती बसली. पहिला कॉल कुठल्याशा गोदामातल्या धुराचा. दुसरा जिन्यावरून पडलेल्या म्हाताऱ्याचा. दोन्ही कॉल असे की नव्या मुलांना ऐकवावेत. वन्संचा आवाज वर जात नाही, खाली जात नाही. समोरचा रडो, ओरडो, शिव्या देवो, तो हळूहळू त्या आवाजाच्या चालीनं चालू लागतो. तिसऱ्या कॉलमध्ये एका बाईच्या वडिलांच्या छातीत दुखत होतं.

“घर नंबर सांगा.”

“साठ. साठ नंबर.”

“आठ नंबर?”

“नाही हो, साठ! साठ!”

“घाबरू नका. आकडे सुटे सुटे सांगा. आधी सहा का?”

“हो, सहा. सहावर शून्य.”

“सहावर शून्य. गाडी निघाली. आता वडिलांना भिंतीला टेकवून बसवा.”

परीक्षाबाईनं टिपणवहीत ‘उत्तम’ लिहिलं आणि पेन तसंच हातात राहिलं. तिनं रेकॉर्डिंग मागे नेलं. बाईचा आवाज स्वच्छ होता. लाइनवर खरखर नव्हती. ‘साठ’ इतका लख्ख ऐकू येत होता की खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या माणसालाही कळला असता. मग वन्संना ‘आठ’ कसा ऐकू आला? साठातला ‘स’ तेवढा गेला कुठे?

तिनं नियमापुरते तीन न ऐकता वीस कॉल ऐकले. चौदांमध्ये ते वाक्य होतं. आकडे सुटे सुटे सांगा. मग तीन वर्षांपूर्वीचे काढले. एकाही कॉलमध्ये नव्हतं. गंमत म्हणजे, हे वाक्य तिनं स्वतः वर्गाच्या टिपणांत घातलं होतं, ‘मोठ्या बाईंची पद्धत’ म्हणून. नवी मुलं ती पद्धत शिकत होती. ती पद्धत नव्हती, काठी होती. ती टेकत टेकत वन्सं कधीपासून चालत होत्या, आणि इतक्या सफाईनं की बघणाऱ्याला ती चालच वाटावी.

तिनं पुन्हा तिसरा कॉल लावला आणि पडद्यावरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. पहिल्या ‘साठ’पासून ‘गाडी निघाली’पर्यंत अकरा सेकंद जास्त गेले होते.

रविवारी दुपारी ती खाली गेली. वन्सं खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या, पाठ दाराकडे. दार उघडंच होतं. एक क्षण तिच्या मनात आलं, इथूनच हळू आवाजात काहीतरी बोलावं, कळून जाईल. आणि दुसऱ्या क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. चोराची पावलं टाकून का आपल्या माणसाचं दुखणं शोधायचं? ती पुढे जाऊन समोर बसली, मटारांचा एक ढीग आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, “वन्सं, तुम्हाला ‘स’ ऐकू येत नाही.”

वन्संचे हात थांबले. “पाळत ठेवलीस माझ्यावर?”

“कॉल तपासले. ते माझं काम आहे.”

“मग सांग ना. एक चूक दाखव. एक गाडी चुकीच्या दारात गेलेली दाखव.”

“नाही सापडली.”

“मग झालं तर.”

“अकरा सेकंद जातात, वन्सं. दर आकड्याला.”

वन्सं पुन्हा शेंगा सोलायला लागल्या, पण दाणे टोपलीत आणि सालंही टोपलीतच पडायला लागली. मग म्हणाल्या, “दीड वर्ष झालं. आधी खिडकीतली पाखरं बंद झाली. मला वाटलं, झाड तोडलं म्हणून. मग थर्मामीटर. टूं टूं वाजतो तो, तो वाजेचना. दुकानात जाऊन भांडले, बदलून आणला. तोही वाजेना.” त्या थोडं हसल्या. “तेव्हा कळलं.”

“मग दाखवलं का नाहीत?”

“दाखवून काय? घरी बस म्हणाले असते. इथे मी कोण आहे? धाकट्या भावाची ताई, तुझी नणंद, खालच्या मजल्यावरची बाई. त्या खोलीत मी मी आहे.” त्यांनी मान वर केली. “ते डॉक्टरांचं पत्र लाव फायलीला. बाकीचं मी बघते.”

“ते चालत नाही, वन्सं.”

“चालत नाही की तुला चालवायचं नाही?”

परीक्षाबाईनं सोललेले दाणे टोपलीत टाकले आणि ती उठली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. हा गृहस्थ वाईट नव्हता. दोन माणसं कमी, एक बाळंतपणाच्या रजेवर, अशात सगळ्यात अनुभवी बाई खुर्चीवरून उठणार म्हणजे त्याला काळजी वाटणं साहजिकच होतं.

“तारीख आधीची टाका,” साहेब म्हणाले. “कागद मागाहून येईल.”

“नाही आला तर?”

“अहो, मोठ्या बाई आहेत त्या. त्यांना कोण विचारतंय?”

“मग मला लेखी द्या, साहेब. मी लगेच टाकते.”

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला, एकदा, दोनदा. लेखी द्यायला त्यांचा हात उठेना. “घरचं माणूस आहे तुमचं,” ते शेवटी म्हणाले.

“म्हणूनच,” ती म्हणाली आणि बाहेर आली. बाहेर आल्यावर तिला वाटलं, हे फार ताठ्यानं बोललो आपण. उद्या नवरा विचारेल तेव्हा एवढं सोपं जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वन्सं नेहमीप्रमाणे आल्या. उद्यापासून खुर्ची मिळणार नाही, असं त्यांना आदल्या संध्याकाळी तिनं जाऊन सांगितलं होतं, तरी आल्या. पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली, त्या खोलीतल्या गारठ्यासाठी ठेवलेला स्वेटर घातला, हेडफोन डोक्यावर चढवला आणि आपला नंबर टाइप केला. पडद्यानं नाव घेतलं नाही. त्यांनी पुन्हा टाइप केला. आजूबाजूची माणसं आपापल्या पडद्यांकडे इतक्या एकाग्रतेनं बघायला लागली की जणू सगळ्या गावाला एकदम आग लागलीय.

“बाई,” परीक्षाबाई म्हणाली. ऑफिसात ती वन्संना बाईच म्हणे. “सर्टिफिकेट काल संपलं.”

“ठाऊक आहे मला,” वन्सं म्हणाल्या. “मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.” त्यांनी हेडफोन काढला, कानाचा स्पंज आपल्या रुमालानं पुसला, हेडफोन आकड्याला लावला आणि स्वेटर घडी करून पर्समध्ये भरत निघून गेल्या. सव्वीस वर्षांत तो स्वेटर त्यांनी पहिल्यांदाच घरी नेला.

घरी नवरा त्या संध्याकाळी जेवताना म्हणाला, “नियम काय दगडावर कोरलेला असतो?”

“तुला माहीत होतं ताईंच्या कानाचं?”

तो म्हणाला, “सहा महिन्यांपूर्वी बेल बदलून दिली मी तिला. मोठ्या आवाजाची.”

“आणि तू बोलला नाहीस.”

“मला वाटलं, तिला बेल हवीय, बोलणं नको.” मग म्हणाला, “लहानपणी तिनं मला कधी विचारलं नाही, तू रात्री अंथरूण ओलं का करतोस म्हणून. नुसती चादर बदलायची. मीही बेल बदलली.” यापुढे तिला रागावता येईना. आठवडाभर त्या घरात भांडी जरा जास्त वाजत राहिली, एवढंच.

त्या आठवड्यात परीक्षाबाईनं एक काम केलं. नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. नऊ वर्षं ती लोकांना त्यातली पानं दाखवत होती, पण खालची बारीक अक्षरं तिनंही कधी चष्मा लावून वाचली नव्हती. तिथे होतं. कानाला यंत्र लावून तपासणी दिली तर ती ग्राह्य. मुदत संपल्यापासून नव्वद दिवसांत सगळं पूर्ण केलं तर नवा कोर्स नको. मात्र खुर्चीवर परतल्यावर पहिले चाळीस तास शेजारी सर्टिफिकेट असलेला दुसरा माणूस हवा, दुसऱ्या हेडफोनवर, प्रत्येक कॉल ऐकत. तिनं ते एका कागदावर आपल्या अक्षरात उतरवलं आणि खालच्या मजल्यावरच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं. घंटी वाजवली नाही.

बाराव्या दिवशी वन्सं वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

“उद्या रजा घे. त्या पेटीत मी एकटी बसणार नाही.”

पेटी म्हणजे कानाच्या दवाखान्यातली काचेची खोली. वन्सं आत, हातात बटण, कानांवर जाड डबे. परीक्षाबाई बाहेर, डॉक्टरीणबाईंच्या मागे. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढाच खेळ. वन्संनी डोळे मिटले. तो चेहरा परीक्षाबाईनं हजारदा पाहिला होता. फोन उचलल्यावर समोरचा माणूस श्वास घेतो आणि अजून बोलत नाही, त्या क्षणाचा तो चेहरा. दिवा लागला, बटण दाबलं. दिवा लागला, दाबलं. मग दिवे लागत राहिले आणि बोट हललं नाही. वन्सं तशाच, सगळा जीव कानात आणून, वाट बघत बसल्या होत्या. कागदावर रेघ पायऱ्या उतरावी तशी खाली खाली गेली. परीक्षाबाईनं दुसरीकडे बघितलं.

“बारीक, उंच आवाज गेलेत,” डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. “डावा जास्त. स, श, फ हे तुम्हाला अर्धेच येत असणार. समोरच्या माणसाचे ओठ तुम्ही नकळत वाचता. पण फोनवर कसं निभावलंत?”

“फोनवर माणूस आधी घाबरलेला ऐकू येतो,” वन्सं म्हणाल्या. “शब्द मागाहून येतात. सुटे सुटे करून घ्यायचे.”

“ती सवय सोडू नका. साठ आणि आठ चांगल्या कानालाही फसवतात.”

यंत्रं आली. कानामागे बसणारी, चिमुकली. पहिल्या खेपेला डाव्या कानाचा आकडा नियमाला थोडा कमी पडला. वन्सं दवाखान्याच्या पायऱ्यांवरच बसल्या आणि म्हणाल्या, “बघितलंस?” त्या एका शब्दात दीड वर्षाची भीती होती. परीक्षाबाई शेजारी बसली. तीन आठवड्यांनी, यंत्राची मांडणी दोनदा बदलल्यावर, आकडा जेमतेम का होईना पण रेषेच्या वर गेला.

साहेब खूश झाले आणि लगेच हिरमुसले. “चाळीस तास शेजारी कोण बसणार? माझ्याकडे माणूस कुठाय?” मग त्यांची नजर परीक्षाबाईवर स्थिरावली. “तुमचं सर्टिफिकेट चालू आहे ना?”

होतं. शिकवणाऱ्याचंही चालू असावं लागतं. दर दोन वर्षांनी ती स्वतःच्याही हात धुऊन मागे लागत असे. पण नऊ वर्षांत तिनं जिवंत कॉल एकदाही कानाला लावला नव्हता, हे त्या कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

“बसते,” ती म्हणाली. दुसरं म्हणायला तोंड कुठे होतं? नियम तिनंच काढून दिला होता.

दुपारी बारा ते चार, दहा दिवस, असं ठरलं. पहिले दोन दिवस हसण्यात गेले, कारण हेडफोन चढवला की कानातलं यंत्र शिट्टी मारायचं. एका कॉलवाल्यानं विचारलंसुद्धा, “बाई, तुमच्याकडे कुकर लावलाय का?” मोठ्या डब्यांचे हेडफोन आणले, तेव्हा शिट्टी थांबली. परीक्षाबाईची भीती मात्र थांबेना. फोनच्या प्रत्येक घंटीला ती दचकायची. तिच्यापुढे एक बटण होतं. शेजारची बाई अडकली तर ते दाबायचं आणि कॉल आपल्याकडे घ्यायचा. ती त्या बटणाकडे बघायचंच टाळायची.

सहाव्या दिवशी एका माणसाचा फोन आला. आई न्हाणीघरात पडलीय, हलवलं तरी बोलत नाही, श्वास कळत नाही. वन्संनी पत्ता घेतला, गाडी सोडली. “आईला पाठीवर सरळ झोपवा. छातीच्या मध्यावर एक तळहात…” आणि त्या थांबल्या.

परीक्षाबाईलाही ते ऐकू येत होतं. मागे नळ वाहत होता. बादली भरून पाणी फरशीवर सांडत होतं. आणि त्याच्याही मागे एक लहान मुलगी एकसारखी विचारत होती, “आजी का उठत नाही? बाबा, आजी का उठत नाही?”

एक सेकंद. दोन. वन्संचे ओठ उघडे होते आणि शब्द येत नव्हता. सव्वीस वर्षांत हे कोणी पाहिलं नव्हतं. परीक्षाबाईचं बोट बटणावर गेलं. ते दाबलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. पण तिला कळलं की वन्संना पुढचं येत नाही असं नव्हे. त्यांना मागचं ऐकू येतंय. तिनं बोट उचललं, पुढ्यातल्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मुलीला दार उघडायला पाठवा’, आणि तो वन्संच्या हाताखाली सारला.

वन्संनी वाचलं. श्वास घेतला.

“ऐका. छोटीला सांगा, बाहेरचं दार उघडून तिथेच उभी राहा, गाडी आली की ओरडून सांग. पाठवलंत? आता नळ बंद करा. झालं? आता तुम्ही आणि मी. दोन्ही हात. जोरात दाबा. मोजा माझ्याबरोबर. एक, दोन, तीन, चार…”

मागे पावलं धावत गेल्याचा आवाज आला, मग शांतता, आणि त्या शांततेत एका माणसाचं धापा टाकत मोजणं. सात मिनिटं. मग लांबून ते चिमुकलं ओरडणं, “आली! आली! गाडी आली!”

गाडीवाल्यांनी कळवलं की उचललं तेव्हा नाडी लागत होती. त्यापुढचं कळलं नाही. या कामात पुढचं कधी कळत नाही.

साहेबांनी दोघींना पंधरा मिनिटं सुट्टी दिली. कॅन्टीनमध्ये वन्संनी कप दोन्ही हातांत धरला होता.

“हे सगळं मला येतच नव्हतं गं ऐकू,” त्या म्हणाल्या. “पाणी, पोरं, मागची रडारड. लोक म्हणायचे, मोठ्या बाई किती शांत. शांत कसली? बहिरी होते.”

“त्याआधीची चोवीस वर्षं होती ना? तेव्हा येत होतं की.”

“येत होतं. हळूहळू घट्टे पडले होते. आता पुन्हा कोवळी कातडी आलीय.” त्यांनी कप ठेवला. “तुला कसं सुचलं ते, दाराचं?”

मग परीक्षाबाईनं ते सांगितलं, जे नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. तिचा तो नऊ वर्षांपूर्वीचा कॉल. एका बाईचा नवरा उठत नव्हता, ती बाई छाती दाबत होती, आणि खोलीत रेडिओ चालू होता. विनोदाचा कार्यक्रम. दर थोड्या वेळानं शंभर माणसं खदखदून हसायची. शेवटपर्यंत कोणी तो बंद केला नाही. “त्यानंतर मी खुर्चीवर बसले की प्रत्येक फोनच्या मागे मला ते हसू ऐकू यायचं. नऊ वर्षं एकच विचार. मी त्यांना रेडिओ बंद करायला का नाही सांगितलं? त्यानं माणूस वाचला नसता. पण त्या बाईला निदान…”

वन्संनी कप बाजूला सारला. “ते रेकॉर्डिंग मी ऐकलं होतं,” त्या म्हणाल्या. “तेव्हाच ऐकलं होतं. म्हणून तर तुला उठवलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू कुठे बोललीस?” आणि त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला, जरा जोरात, थापटल्यासारखा. “आपल्या घरात सगळेच मुके गं. कान माझेच काय ते खराब.”

चाळीस तास पुरे झाले. तक्त्यात चाळीस खुणा, दहा सह्या. वन्सं पुन्हा एकट्या बसू लागल्या. त्यांचा आवाज आधीसारखाच राहिला, फक्त अधूनमधून कॉल संपल्यावर त्या दोन मिनिटं खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या, आणि त्याबद्दल कोणी काही म्हणत नसे. वर्गाच्या टिपणांत परीक्षाबाईनं एक पान वाढवलं. फोनमागच्या माणसांना काय काम द्यावं, याचं. त्यात उदाहरणं वन्संनी सांगितली, पंचवीस-तीस तरी, आणि सांगताना दोन वेळा डोळे पुसले.

महिन्याभरानं परीक्षाबाई साहेबांच्या केबिनमध्ये गेली. “गुरुवारी दुपारी माझे वर्ग नसतात. तीन तास मला खुर्ची द्या.”

साहेबांनी चष्मा वर केला. “नियमात बसतं का पण?”

“बसतं. वाचून आलेय.”

पहिल्या गुरुवारी ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. वन्सं दोन टेबलं सोडून होत्या, आणि त्यांनी मुद्दाम इकडे बघितलं नाही.  घंटी वाजली. तिनं श्वास घेतला आणि फोन उचलला.

“नमस्कार, काय मदत हवी?”

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं मांजर शेजाऱ्याच्या पत्र्यावर चढलं होतं, उतरत नव्हतं, आणि शेजाऱ्याशी त्यांचं गेली अकरा वर्षं बोलणं नव्हतं. मागे मांजर बेंबीच्या देठापासून ओरडत होतं. परीक्षाबाईनं ते नीट ऐकून घेतलं. मग कुठे फोन करायचा तो नंबर दिला, आकडे सुटे सुटे करून, आणि म्हणाली, “तोवर शेजाऱ्यांना हाक मारून बघा की, आजोबा.”